संत आन्नाचं नाव बायबलमध्ये कुठे आहे?

निर्मळकर :

मी वसईत आमच्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. २६ जुलैला संत आन्ना आणि संत योवाकिम यांचा सण असतो, म्हणजे मरियेचे आईवडील, येशूचे आजी-आजोबा. त्या आठवड्यात सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, आन्नाची गोष्ट कुठल्या अध्यायात आहे? मला घरी आजीला वाचून दाखवायचीय." मी सांगून टाकलं, लूकचा पहिला अध्याय बघ. घरी येऊन स्वतः उघडून बघितलं. लूकमध्ये नाही. मत्तयमध्ये नाही. मार्क आणि योहान यांच्यात तर येशूचा जन्मच नाही. मरियेच्या आईचं नाव चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, नाही.

इतकी वर्षं शिकवतेय आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, याची फार टोचणी लागली.

शोधता शोधता कळलं की ही गोष्ट "याकोबाचं आद्यशुभवर्तमान" नावाच्या दुसऱ्या शतकातल्या एका छोट्या ग्रीक पुस्तकात आहे. भाषांतर मिळवून एका बैठकीत वाचलं. आन्नाला मूल होत नाही, योवाकिमचं दान मंदिरात नाकारलं जातं, तो रानात निघून जातो. तीन वर्षांची मरिया मंदिरात आणली जाते. योसेफ वयस्कर विधुर, पहिल्या बायकोपासून मुलं असलेला. येशूचा जन्म गुहेत होतो. यातलं कितीतरी मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि सगळं बायबलमध्येच असणार असं धरून चाललेय. आमच्या नाताळ गोठ्यातला बैल आणि गाढवसुद्धा लूकमध्ये नाहीत. तिथे फक्त गव्हाणी आहे.

हे पुस्तक बायबलमध्ये का नाही? ते खोटं आहे का? खोटं असेल तर आपण सण कशाचा करतो? आणि खरं असेल तर बाहेर का ठेवलं? दरम्यान एका नातेवाइकानं व्हिडिओ पाठवला, "चर्चने लपवलेली खरी शुभवर्तमाने". तो बघून गोंधळ वाढलाच. इथे अभ्यास असलेली माणसं आहेत. मला रविवारी मुलांपुढे उभं राहायचंय, म्हणून मनापासून विचारतेय.

सांजवात :

ताई, मी ख्रिस्ती नाही, पण या विषयावर बरंच वाचलंय. इ.स. ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहानं नायसियाला परिषद भरवली आणि तिथे मतदान घेऊन चार शुभवर्तमानं ठेवली, बाकीची जाळायला लावली. त्यामुळे मूळ येशू कसा होता हे त्या वगळलेल्या पुस्तकांतच सापडेल. सत्तेला न परवडणारं लिखाण कुठल्याही धर्मात असंच बाजूला पडतं.

पोथीवाला :

सांजवात, हे इतक्या ठिकाणी छापून आलंय की विश्वास बसणं साहजिक आहे, पण नायसियात असं काही झालं नाही. तिथला मुख्य वाद एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मतावरून होता, पुत्र (येशू) हा पित्याशी (देवाशी) समान की त्यानं निर्माण केलेला. शिवाय ईस्टर कधी पाळायचा, बिशप कसे नेमायचे. परिषदेचे २० नियम आज उपलब्ध आहेत. ग्रंथांच्या यादीवर त्यात एकही नियम नाही.

चार हा आकडा त्याच्या फार आधीचा आहे. ल्योंचा बिशप इरेनियस इ.स. १८० च्या सुमारास लिहितो की शुभवर्तमानं चारच, जसे वारे चार दिशांचे. आज ज्या २७ पुस्तकांचा नवा करार आहे तीच २७ नावं एका यादीत प्रथम दिसतात ती आलेक्झांड्रियाच्या अथानासियसच्या इ.स. ३६७ च्या ईस्टरपत्रात. म्हणजे मधली पावणेदोनशे वर्षं ठिकठिकाणच्या मंडळ्या (ख्रिस्ती समुदाय) वाचत होत्या, वाद घालत होत्या, काही पुस्तकं धरत होत्या, काही सोडत होत्या.

यातला माझा आवडता प्रसंग अंत्युखियाचा बिशप सेरापियन याचा, इ.स. २०० च्या आसपासचा. ऱ्होसस गावची मंडळी येशूचा शिष्य पेत्र याच्या नावाचं "पेत्राचं शुभवर्तमान" वाचत होती. त्यानं न वाचताच म्हटलं, वाचा. मग तक्रारी आल्या तेव्हा पुस्तक मिळवून स्वतः वाचलं आणि लिहिलं की बराचसा भाग तारणाऱ्याच्या शिकवणीला धरून आहे, पण काही गोष्टी वरून घातलेल्या आहेत. एका माणसानं पुस्तक हातात घेऊन वाचलं आणि मत बदललं, इतकं साधं आहे ते. त्याच नावाच्या ग्रंथाचा मानला जाणारा एक तुकडा १८८६-८७ च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अखमीमला एका मठवाशाच्या कबरीत मिळाला. त्यात थडग्यातून येशूच्या मागे क्रूस चालत येतो आणि बोलतो.

पण सांजवात, तुमच्या म्हणण्यातला एक भाग मी मान्य करतो. अथानासियसनं त्याच पत्रात बाकीची पुस्तकं टाकून द्यायला सांगितलं होतं, आणि पुढे बरीच नाहीशी झाली हे खरंच आहे.

तळावलीं :

निर्मळकर बाय, तुमचा प्रश्न वाचून मला आमची सान्तान आठवली. गोव्यात तळावलीं इथे संत आन्नाची मोठी इगर्ज (चर्च) आहे, सतराव्या शतकाच्या शेवटी पुरी झालेली. जुलैच्या शेवटी तिथे तवशांचें फेस्त (काकड्यांचा सण) असतं. मूल हवं असलेली जोडपी, नवी लग्नं झालेली जोडपी तवशी घेऊन येतात आणि सायबिणीपुढे ठेवतात. "सेन्योरा, तवशें घे आनी बाळ दी" या अर्थाचं पोर्तुगीज यमक माझी आई म्हणायची. वांझपणाचं दुःख सोसलेली बाई म्हणून आन्नाकडे जायचं, ही सगळी कल्पना तुम्ही वाचलेल्या त्या पुस्तकातूनच आलेली, हे मला आज कळलं. ते पुस्तक नसतं तर ते फेस्तही नसतं. मला हे वाचून वाईट वाटलं नाही, उलट त्या लेखकाबद्दल काहीतरी आपुलकी वाटली.

भिंगारकर :

मी नगरचा. आमच्या घरात चार पिढ्या प्रॉटेस्टंट मंडळीत आहेत आणि मी रविवारच्या शाळेत शिकवतो, म्हणून निर्मळकर ताईंची अडचण मला समजते. माझे मत स्पष्ट सांगतो. जे पवित्र शास्त्रात नाही ते श्रद्धेचा आधार होऊ शकत नाही.

कारणे भावनिक नाहीत. चारही शुभवर्तमाने पहिल्या शतकातली आहेत, बहुतेक अभ्यासक इ.स. ७० ते १०० च्या आसपास ठेवतात. येशूला पाहिलेली माणसे किंवा त्या माणसांकडून ऐकलेली माणसे तेव्हा हयात होती. याकोबाच्या नावाचे पुस्तक दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या किंवा त्यानंतरचे. शेवटी लेखक "मी याकोब" म्हणतो, पण येशूचा भाऊ याकोब इ.स. ६२ मध्ये मारला गेला होता. कुमारिकांना लहानपणापासून मंदिरात वाढवण्याची चाल यहुदी लोकांत होती असा पुरावा नाही. त्या लेखकाला मंदिराची रीत माहीत नव्हती. आणि आन्ना हे नावही पाहा. जुन्या करारात १ शमुवेल मध्ये मूल नसलेली हन्ना मंदिरात रडून नवस करते आणि झालेले मूल देवाला वाहते. तीच गोष्ट, तेच नाव, नवे पात्र.

ताई, मुलांना सांगा की हे शास्त्रात नाही, लोकांनी प्रेमाने रचले. तेवढे पुरे.

पोथीवाला :

भिंगारकर सर, हन्नाचा मुद्दा फार नेमका आहे. पण सगळेच "खरं की खोटं" एकाच दमात विचारतायत, तिथे घोटाळा होतोय. मी काही वर्षं हस्तलिखितांच्या सूची करण्याचं काम केलंय. पोथी आली की आम्ही वेगवेगळे प्रश्न वेगवेगळे विचारायचो. कागद केव्हाचा? अक्षर केव्हाचं? त्यावरचा मजकूर कधी रचला गेला? ज्याचं नाव घातलंय त्यानंच रचला का? आणि त्यात सांगितलेली घटना घडली का? एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापक कॅरन किंग यांनी रोममध्ये कॉप्टिक या जुन्या इजिप्ती भाषेतला एक तुकडा जाहीर केला, व्हिजिटिंग कार्डाएवढा. त्यावर "येशू त्यांना म्हणाला, माझी बायको" एवढे शब्द होते आणि पुढे तुकडा फाटलेला. जगभर बातमी झाली. २०१४ मध्ये तपासण्या आल्या, पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला जुना कागद) सातव्या ते नवव्या शतकातला, शाई जुन्या पद्धतीची काजळीची. लोक म्हणाले, झालं सिद्ध.

कागद खरा होता. मजकूर आपल्या काळातला होता. फ्रान्सिस वॉटसन यांनी २०१२ मध्येच दाखवलं होतं की त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ थोमा या शिष्याच्या नावावरच्या, बायबलबाहेरच्या शुभवर्तमानातून तुकडे उचलून जोडलेली आहे. मग अँड्र्यू बर्नहार्ड यांच्या लक्षात आलं की इंटरनेटवर थोमाची जी कॉप्टिक-इंग्रजी ओळवार प्रत होती, तिच्या २००२ च्या पीडीएफमध्ये टंकनात एक अक्षर गळलं होतं. तेच अक्षर या "प्राचीन" तुकड्यातही गळलेलं. त्याच मालकाकडे योहानाच्या शुभवर्तमानाचा आणखी एक तुकडा होता, त्याच हातचा. ख्रिश्चन अस्केलंड यांनी दाखवलं की त्याच्या ओळी १९२४ मध्ये छापलेल्या एका कॉप्टिक प्रतीच्या ओळींशी एकाआड एक जुळतात, तुटतातही त्याच जागी. २०१६ मध्ये पत्रकार एरियल साबर यांनी तुकड्याच्या मालकाचा माग काढला आणि किंग यांनीही हा बहुधा बनाव आहे असं मान्य केलं.

याच्या अगदी उलट उदाहरण यहूदाच्या, म्हणजे येशूला पकडून देणाऱ्या शिष्याच्या नावावरच्या शुभवर्तमानाचं. १९७० च्या दशकात इजिप्तमध्ये मिन्याजवळ मिळालेली पोथी, मग न्यूयॉर्कजवळ एका बँकेच्या लॉकरमध्ये १६ वर्षं कुजत पडली, एका व्यापाऱ्यानं ती फ्रीझरमध्येही ठेवली. पपायरस इतका ठिसूळ झाला की पानांचा चुरा जोडत बसावं लागलं. २००६ च्या एप्रिलमध्ये ती प्रसिद्ध झाली. कार्बन चाचणीत तिसरं-चौथं शतक आलं. आणि इरेनियस १८० च्या सुमारास या नावाच्या पुस्तकावर टीका करतो, म्हणजे मजकूर आणखी जुना. पोथी अस्सल, मजकूर अस्सल दुसऱ्या शतकातला. पण म्हणून तो यहूदा इस्कर्योतनं सांगितला असं कुठलाही गंभीर अभ्यासक म्हणत नाही.

ताईंचं याकोबाचं पुस्तक याच दुसऱ्या जातीचं आहे. त्याची तिसऱ्या-चौथ्या शतकातली एक जवळजवळ पूर्ण प्रत आज आहे आणि नंतरच्या ग्रीक प्रती शंभराहून जास्त. पुस्तक बनावट नाही. त्यावर घातलेलं नाव खरं नाही.

अभंगवेडी :

पोथीवाल्यांचा शेवटचा मुद्दा आपल्याला परका वाटायचं कारणच नाही. नामदेवांच्या गाथ्यात "नामा म्हणे" असलेले कितीतरी अभंग सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचे आहेत, दोघांचे वेगळे काढताना अभ्यासकांचं आयुष्य गेलंय. नंतरचा कवी नामदेवांची मुद्रा घालतो तेव्हा तो फसवत असतो का? मला तसं वाटत नाही. तो त्या परंपरेत उभा राहून गातो.

पण दुसरी बाजूही आपल्याकडेच आहे. तुकोबांनी सालोमालोवर किती चिडून लिहिलंय, कारण तो त्यांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवत होता. आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा शेवटी बजावलं, "ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥" अमृताच्या ताटात करवंटी! अथानासियसचं ते ३६७ चं पत्र मला एकदम नाथांच्या या ओवीसारखं वाटलं. त्यांना राग येतो तो माणसं भक्तीनं लिहितात याचा नाही, ताट एकच असतं आणि त्यात करवंटी आली तर पुढच्याला ओळखता येत नाही याचा आहे.

भिंगारकर :

अभंगवेडी ताई, तुलना हृदयाला भिडली. तरी एक फरक ठेवा. "नामा म्हणे" लिहिणारा विठ्ठलाविषयी आपले प्रेम सांगतो. "मी पेत्र, माझे जाळे घेऊन समुद्राकडे गेलो" असे लिहिणारा साक्ष देत असतो, आणि साक्ष देणाऱ्याने आपण कोण हे खरे सांगितले पाहिजे. पहिल्या मंडळीलाही हे कळत होते. प्रेषित पौल थेस्सलनीका गावच्या मंडळीला पत्रात सांगतो की आमच्याकडून आलेसे भासवणाऱ्या पत्राने घाबरू नका, आणि शेवटी आपल्या हाताने सलाम लिहितो, ही माझी खूण म्हणून. तर्तुलियन हा जुना ख्रिस्ती लेखक सांगतो की आशिया प्रांतातल्या एका वडिलाने (मंडळीच्या धर्मसेवकाने) पौलाच्या नावाने पुस्तक रचले. पकडला गेल्यावर म्हणाला, पौलावरच्या प्रेमापोटी केले. तरी त्याला पदावरून जावे लागले. प्रेम हे कारण त्यांनी ऐकून घेतले होते आणि तरीही मान्य केले नव्हते.

दवबिंदू :

भिंगारकर सर, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे म्हणूनच विचारते. हाच निकष चार शुभवर्तमानांना लावला तर? त्यांच्या मजकुरात लेखक आपलं नाव सांगत नाही. "मत्तयकृत", "मार्ककृत" ही शीर्षकं आहेत. मार्कचा शेवट, १६ व्या अध्यायातल्या ९ ते २० ओव्या, सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही मोठ्या प्रतींत नाहीत. "तुमच्यापैकी जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा" हा योहानातला प्रसंग, ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, सर्वांत जुन्या प्रतींत नाही. दुसरं थेस्सलनीकाकरांस पत्र पौलाचंच की नाही यावरही अभ्यासकांत दोन मतं आहेत. मग आत आणि बाहेर यांतली भिंत आपण समजतो तेवढी जाड आहे का?

भिंगारकर :

आहे, पण तुम्ही म्हणता तिथे ती भेगाळलेली आहे, हे नाकारत नाही. आमच्या मराठी बायबलमध्येही त्या ओव्यांना कंस आणि टीप असते. मी मुलांना ती टीप वाचून दाखवतो. चौथ्या शतकातला चर्च-इतिहासकार युसेबियस यानेही २ पेत्र (पेत्राचे दुसरे पत्र) वगैरे पुस्तके वादग्रस्त म्हणून वेगळी नोंदवली होती. नाव नसणे आणि खोटे नाव असणे या दोन गोष्टी मात्र मी एक मानणार नाही. लूक सुरुवातीलाच सांगतो की पुष्कळांनी हकीकत लिहायला घेतली आहे, मीही सर्व शोधून लिहितो. तो प्रेषित असल्याचा दावा करत नाही, चौकशी करणारा म्हणून पुढे येतो. त्या एका वाक्यासाठी मी लूकवर विश्वास ठेवतो.

सांजवात :

नायसियाबद्दल माझं चुकलं, पोथीवाला यांचे आभार. पण मग लडाखच्या हेमिस मठातल्या पोथीचं काय? येशू तरुणपणी भारतात येऊन शिकल्याचं त्यात लिहिलंय असं एका रशियन प्रवाशानं प्रसिद्ध केलं होतं. आपल्याकडे तर हे सगळीकडे फिरत असतं. आपल्या भूमीशी नातं असल्यानं मला ते खरं असावंसं वाटतं, हे कबूल करतो.

पोथीवाला :

नोतोविच. १८९४ मध्ये पॅरिसला त्याचं पुस्तक निघालं. पाय मोडला म्हणून हेमिसला राहिलो आणि लामानं "इस्सा"चं चरित्र वाचून दाखवलं, असं तो लिहितो. मॅक्स म्युलर यांनी त्याच वर्षी शंका घेतली. आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस १८९५ मध्ये स्वतः हेमिसला गेले. मठाधिपतींनी सांगितलं, १५ वर्षं मी इथे आहे, असा पाय मोडलेला युरोपियन माझ्या काळात राहिला नाही आणि असं पुस्तक मला ठाऊक नाही. पुढे काही जणांनी आपण ते पाहिल्याचं सांगितलं, पण अभ्यासकाला हातात घेता येईल अशी पोथी कधी पुढे आली नाही. इथे कागदच नाही, त्यामुळे पुढचे प्रश्न विचारायलाही जागा नाही.

भारताशी नातं हवं असेल तर त्याहून भक्कम आहे. तिसऱ्या शतकातली "थोमाची कृत्यं" घ्या. तेही बायबलबाहेरचं. थोमा भारतात गोंडोफरस राजाकडे सुतारकाम करायला येतो, राजवाड्याचे पैसे गरिबांत वाटून टाकतो, अशी अद्भुत कथा. लोक हा राजा कल्पित मानत होते. एकोणिसाव्या शतकात पंजाब-अफगाणिस्तानकडे त्याच नावाच्या राजाची नाणी सापडली. राजा खरा निघाला, तोही पहिल्या शतकातला! कथा त्यानं खरी ठरत नाही, पण तीनशे वर्षांनंतर उत्तर सीरियात बसलेल्या कुणा लेखकापर्यंत त्या राजाचं नाव पोचलं होतं, हे मला विलक्षण वाटतं. म्हणून म्हणतो, नाव खोटं आहे म्हणून पुस्तक फेकून देऊ नका. त्याच्या पोटात काय आहे ते बघा.

(दुरुस्ती : वर "तीनशे वर्षांनंतर" लिहिलं ते चुकलं. गोंडोफरस ते "कृत्यं" हे अंतर दोनशे वर्षांच्या आसपास आहे.)

दवबिंदू :

सगळ्यांनी थोमाच्या शुभवर्तमानाला बगल दिलीय, आणि खरी लढाई तिथेच आहे. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ एका मडक्यात कॉप्टिक पोथ्या मिळाल्या, त्यांत हे पूर्ण सापडलं. ११४ वचनं, ना जन्म, ना क्रूस, ना पुनरुत्थान. त्याचे ग्रीक तुकडे ऑक्सिरिंकसला ग्रेनफेल आणि हंट यांना १८९७ आणि १९०३ मध्ये आधीच मिळाले होते, एक तर इ.स. २०० च्या सुमाराचा.

यातलं ९७ वं वचन बाकी कुठेच नाही. माझ्या शब्दांत सांगते. पित्याचं राज्य पिठानं भरलेलं मडकं घेऊन जाणाऱ्या बाईसारखं आहे. ती लांबच्या वाटेनं चालली असता मडक्याचा कान तुटला, पीठ तिच्यामागे वाटेवर सांडत गेलं. तिला कळलं नाही. घरी येऊन मडकं खाली ठेवलं, तर रिकामं. पुढे स्पष्टीकरण नाही. हे वाचल्यावर दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. मोहरीच्या दाण्याच्या दाखल्याच्या जवळ बसेल असं आहे हे. हे कुणीतरी मागाहून कशाला रचेल?

आणि ११४ वं वाचून तेवढाच त्रास झाला. पेत्र म्हणतो, मरियेला (येशूची आई नव्हे, शिष्या मरिया मग्दालीया) जाऊ दे, बायका जीवनाला पात्र नाहीत. येशू म्हणतो, मी तिला पुरुष करीन. जे लोक "बायकांना स्थान देणारी दडपलेली शुभवर्तमानं" म्हणतात त्यांनी हे शेवटचं वचन वाचलेलं नसतं. याच मरियेच्या नावावरच्या शुभवर्तमानात पेत्र विचारतो, आमच्याआधी तो एका बाईशी एकांतात बोलला? आणि लेवी नावाचा शिष्य तिची बाजू घेतो. म्हणजे बाहेरच्या पुस्तकांतही एकमत नव्हतं.

पोथीवाला :

थोमाबद्दल अभ्यासक आजही दोन गटांत आहेत. एक गट म्हणतो की त्यातला काही भाग मत्तय-मार्क-लूकपासून स्वतंत्र आणि तितकाच जुना आहे. दुसरा, मार्क गुडेकर आणि सायमन गॅदरकोल यांचा, म्हणतो की लेखकाला ती शुभवर्तमानं माहीत होती. त्यांचा पुरावा लहान आहे पण बोचरा. मार्कचं एखादं वचन लूकनं स्वतःच्या पद्धतीनं बदललेलं असतं, आणि थोमाच्या ग्रीक तुकड्यात नेमकं लूकनं बदललेलं रूप येतं, जसं "झाकलेले असे काही नाही की जे उघड होणार नाही" यात. मला हा पुरावा पटतो. म्हणून संपूर्ण पुस्तक मी दुसऱ्या शतकात ठेवतो. पण ९७ व्या वचनाला लूकचा हात लागलेला नाही. ते कुठून आलं असेल तर तोंडी परंपरेतून आलं असेल असं मानायला मी तयार आहे.

नाग हम्मादीच्या पोथ्यांबद्दल कारागिरीतला एक तपशील. त्यांच्या चामडी बांधणीत पुठ्ठा कडक करायला रद्दी पपायरस भरलेला होता. एका बांधणीतल्या दस्तऐवजावर इ.स. ३४८ ची तारीख आहे. म्हणजे अथानासियसच्या पत्राच्या अगदी अलीकडे-पलीकडे कुणीतरी या पोथ्या वाचत होतं, बांधून घेत होतं.

तळावलीं :

दवबिंदू, त्या मडक्याच्या बाईची गोष्ट मी आज आईला फोनवर सांगितली. ती म्हणाली, ही आपल्या पाद्रीनं कधीच कशी नाही सांगितली. मी तिला सांगितलं ही बायबलमधली नव्हे. ती गप्प बसली, मग म्हणाली, "पूण बरी आसा."

भिंगारकर :

बरी आहे, हे मीही म्हणतो. उपासनेत तिचे वाचन करणार नाही. घरी वाचेन.

निर्मळकर :

सगळ्यांचे आभार. आमच्या फादरांशीही बोलले. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती इथे नोंदवते. मरियेला मंदिरात अर्पण केल्याचा सण, २१ नोव्हेंबरचा, याच याकोबाच्या पुस्तकातून आला. १५६८ मध्ये पोप पायस पाचवे यांनी तो रोमन कॅलेंडरमधून काढला, आणि १५८५ मध्ये सिक्स्टस पाचवे यांनी पुन्हा घेतला. म्हणजे खुद्द रोममध्येसुद्धा या प्रश्नावर सतरा वर्षांत दोन उत्तरं दिली गेली. हे ऐकून माझी टोचणी जरा कमी झाली.

भिंगारकर सर, तुम्ही म्हणालात तेवढ्यावर थांबणं मला जमलं नाही, माफ करा. रविवारी मी आधी लूकचा पहिला अध्याय वाचला. मग सांगितलं की आता जे वाचणार आहे ते बायबलमध्ये नाही, येशूच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलंय, आणि ज्याचं नाव घातलंय त्यानं लिहिलेलं नाही. मग आन्नाचा विलाप वाचला. ती बागेत लॉरेलच्या झाडाखाली बसते, वर बघते तर चिमण्यांचं घरटं. ती म्हणते, मी कुणासारखी आहे? पाखरांसारखीही नाही, कारण तुझ्यापुढे पाखरांनाही पिल्लं होतात. मी पाण्यासारखीही नाही, या भूमीसारखीही नाही.

त्याच मुलीनं विचारलं, "म्हणजे आन्ना हे नाव खरं नाही?" मी म्हटलं, मरियेला आई होती हे खरं आहे. ती आई आन्ना होती असं सांगणारं सगळ्यात जुनं पुस्तक हेच, आणि ते नाव त्यानं शमुवेलच्या आईवरून घेतलं असावं. सण आपण त्या आईचा करतो. तिनं वहीत तसंच लिहून घेतलं. "घेतलं असावं" यातला "असावं" तिनं अधोरेखित केला.

काल ती भेटली तेव्हा सांगत होती, आजीनं घरट्याचा भाग दोनदा वाचायला लावला. आजीची मोठी सून सात वर्षं वाट बघतेय.